खूनी रेडिओ, भाग दुसरा

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१२ जानेवारी २००५

ती. सुगंधावन्सं यांना,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडत नाही म्हणून लिहिलं नाही, एवढंच कारण. काल मात्र घडलं.

दुपारी बेल वाजली. दारात एक पिकल्या केसांचे गृहस्थ, खांद्याला पिशवी. हिंदीत म्हणाले, दत्ताराम रेडिओवाल्यांचं घर हेच ना. आधी भाईंदरच्या आपल्या दुकानावर जाऊन आले होते. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्या मुलांनी इथला पत्ता दिला, पण हे गेल्याचं सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागलं. ऐकल्यावर ते दारातल्या चपलांच्या स्टुलावरच बसले आणि पाणी मागितलं.

त्यांचं नाव ईश्वरभाई. सिनेमासाठी आवाज भरण्याचं काम करतात. तुम्हाला आठवत असेल, उत्तनच्या पुढे चौक गावातल्या बंगल्यात भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. 'खूनी रेडिओ'. बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ह्यांनी त्यासाठी दिला होता, आणि तो पेटता ठेवायला रोज दुकान बंद करून हे स्वतः तिकडे जात. त्या सिनेमाचा आता दुसरा भाग काढताहेत. 'फिर बोला खूनी रेडिओ'. नाव सांगताना ईश्वरभाईच ओशाळले. पण पोस्टरवर तोच रेडिओ हवा, स्टेशन लागलं की उजळणारा तोच हिरवा डोळा, असं त्यांच्या डायरेक्टरचं म्हणणं आहे.

मी सांगितलं, वर्षश्राद्धाला आल्या तेव्हा मोठ्या नणंदबाई रेडिओ गावी घेऊन गेल्या. वडिलांचा आहे, त्यांचाच हक्क. विचारून कळवते.

तर विचारते आहे. द्याल का? एसटीत कोणाबरोबर पाठवू नका, मी येऊन नेईन. आणि खरं सांगू का, शूटिंग झाल्यावर तो थोडे दिवस माझ्याकडे राहिला तर मला आवडेल. घरात टीव्ही आहे, पण टीव्हीसमोर आपण जाऊन बसावं लागतं. रेडिओ आपल्यामागे स्वयंपाकघरात येतो.

तो सिनेमा मी पाहिलेला नाही. हे म्हणाले होते, "तू नको बघू. तुला झोप लागायची नाही आणि तुझ्यापायी मला जागावं लागेल." मग राहूनच गेलं.

बाकी ठीक. वाचनालयातून पुस्तकं आणते, वाचते, परत करते. शेजारच्या हंसाबेन संध्याकाळी डोकावतात.

तुमची,
उर्मिला


॥ श्री ॥
खालची वाडी, ता. गुहागर
२४ जानेवारी २००५

गं. भा. उर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रेडिओ देता येणार नाही. तो आता द्यायच्या अवस्थेत नाही. पुढचा पाय मोडला आहे आणि आत उंदरांनी घर केलं आहे.

बाबांनी तो मुंबईहून बोटीने आणला होता, सबंध वाट मांडीवर घेऊन. वाडीतला पहिला रेडिओ. बातम्यांच्या वेळी आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. अशा वस्तूला तुम्ही दोघांनी भुताच्या सिनेमात नेऊन बसवलंत. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आता विचारलंस, तर नाही.

तो माणूस पुन्हा आला तर रेडिओ मोडला म्हणून सांग.

काजूला मोहर बरा आहे. राघोच्या दुकानातून कुळथाचं पीठ तुझ्यासाठी बांधून ठेवलं आहे, मुंबईला जाणारं कोणी भेटलं की देते. सकाळी नुसत्या चहावर राहू नकोस. एकटी बाई जेवणाला कंटाळते, मला माहीत आहे.

सुगंधा


बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
५ फेब्रुवारी २००५

ती. वन्सं,
शि. सा. न.

रेडिओ द्यायचा नसेल तर नका देऊ. तुमचा आहे. पण तुम्ही लिहिलंत की त्याचा पुढचा पाय मोडला. वन्सं, त्या रेडिओला पाय नाहीतच. मी तो रोज पुसत होते. खाली सपाट लाकूड आहे आणि त्याला ह्यांनी चिकटवलेला हिरवा लोकरी नमदा.

म्हणजे काहीतरी वेगळं आहे. माझ्यावर राग असेल तर तसं लिहा. राग वाचायला मला जमेल. तुम्ही खोटं लिहावं असं काय झालं, त्याचाच विचार मनात येत राहतो.

दुसरं एक. पाकिटावर गं. भा. लिहू नका. पत्रं खाली जिन्यातल्या पेटीत पडतात, ती वर येईपर्यंत हंसाबेनचं पाकीट वाचून झालेलं असतं. त्यांनी विचारलं, "ये गंभा क्या होता है, डिग्री है?" मी म्हटलं, हो, डिग्रीच. हसलो दोघी. पण नंतर घरात आल्यावर ती दोन अक्षरं उगाच टेबलावर बसून राहिल्यासारखी वाटली. नुसतं उर्मिला पुरे.

ईश्वरभाई परत आले नाहीत. बंगल्याचा पत्ता आणि तिथला फोन देऊन गेलेत. चौकला शूटिंग सुरू झालं असेल.

तुमची,
उर्मिला


॥ श्री ॥
खालची वाडी
१९ फेब्रुवारी २००५

उर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

पाय नाहीत हे मलाही पत्र टाकल्यावर आठवलं. खोटं लिहायची सवय नाही, म्हणून धड जमलं नाही. उंदीरही नाहीत. आता खरं काय ते लिहिते.

मागच्या श्रावणात मी राघोच्या दुकानात मीठ आणायला गेले होते. त्याच्याकडे केबल आहे. तोच सिनेमा लागला होता. राघोची बायको म्हणाली, बसा सुगंधाबाई, तुमच्या बाबांचा रेडिओ दिसतोय बघा. बसले. एक मुलगी अंधारात त्याच्यासमोर उभी होती. हिरवा डोळा उजळला आणि आतून दत्तू बोलला.

"येतो."

एवढंच. आणि ती मुलगी मेली. पुढे पुन्हा तसंच. रेडिओ पेटतो, दत्तू म्हणतो येतो, आणि माणूस मरतो. आवाज त्याचाच होता. लहानपणी बसलेला तो घसा, आणि शेवटचं अक्षर नाकातून ओढायची ती सवय. राघोची बायको म्हणाली, भावोजी नट झाले होते की काय. सगळी हसली. मी मीठ न घेताच घरी आले.

घरी आले तर कोपऱ्यात तोच रेडिओ. माझा धाकटा भाऊ मेला आहे, आणि तो म्हणतोय येतो. कुठे येतोय? कोणाकडे? मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, भूत नसतं म्हणून फळ्यावर लिहिलं. मला कळत नाही असं नाही. पण एकट्या घरात कळण्याचा फार उपयोग होत नाही. मी त्याच्यावर चादर टाकली. मग चादरीचीच भीती वाटायला लागली.

शेवटी देवीला कौल लावला. त्याला सोडू का, असं विचारलं. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. धर्माजी खारवी होडी काढायला तयार आहे. येत्या अमावास्येला सकाळी रेडिओ खाडीच्या मुखाशी सोडायचा ठरला आहे. दत्तू अडकला असेल तर सुटेल. नसेल तर मला झोप लागेल.

तुला हे लिहिलं नसतं, कारण तू हसशील असं वाटलं. आणि हसली नसतीस तर घाबरली असतीस, तेही नको होतं.

सुगंधा


बेव्हर्ली पार्क
२५ फेब्रुवारी २००५

ती. वन्सं,
शि. सा. न.

मी हसले नाही आणि घाबरलेही नाही.

त्या सिनेमात ह्यांचा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. ते कधी बोलले नाहीत. त्यांना तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

वन्सं, माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, पेचकसांचा डबा आहे. आवाज नाही. ह्या माणसाने निम्म्या भाईंदरचे टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, स्वतःचा आवाज कधी एका कॅसेटवर भरला नाही. अलीकडे मला तो नीट आठवत नाहीसा झालाय. ते काय बोलत ते आठवतं, पण माझ्याच आवाजात. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मला तो ऐकायचा आहे. भुताचा तर भुताचा. चौकच्या फोनवर निरोप ठेवला आहे.

तोवर रेडिओ सोडू नका. मी ऐकून कळवते, मग तुम्ही ठरवा.

उर्मिला


बेव्हर्ली पार्क
८ मार्च २००५

ती. वन्सं,
शि. सा. न.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. परवा अमावास्या. हे पत्र त्याआधी पोचणार नाही. राघोच्या दुकानाचा फोन लागत नाही, एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगून ठेवून देते. तरीही लिहिते. तुमच्या हातात पडेल तेव्हा रेडिओ पाण्यात गेलेला असला, तरी झालेली गोष्ट तुम्हाला कळायला हवी.

काल चौकला जाऊन आले. भाईंदर स्टेशनबाहेरून बस धरली. मुर्धा, राई अशी माणसं उतरत गेली, आणि उत्तननंतर गाडीत मी आणि रिकाम्या टोपल्या घेतलेल्या कोळणी उरलो. एकीने विचारलं कोणाकडे चाललीस. मी म्हटलं, शूटिंगच्या बंगल्यावर. तिने मला खालीवर पाहिलं आणि म्हणाली, "भूत हायस काय तू?" सगळ्या हसल्या. फार दिवसांनी माझी कोणी अशी थट्टा केली. बरं वाटलं.

बंगल्यावर पायरीवर एक मेलेली बाई वडापाव खात बसली होती. कपाळाला लाल रंग, पदरावर लाल रंग. तिनेच ईश्वरभाईंना हाक मारली. त्यांना वाटलं मी रेडिओचं सांगायला आले. म्हणाले, अब जरूरत नहीं बेन, चोरबाजारातून दुसरा आणलाय, त्यात हिरवा दिवा बसवलाय. मी म्हटलं, रेडिओसाठी नाही, ह्यांचा आवाज ऐकायला आले.

त्यांनी मला आत मशीनपाशी नेलं. मग म्हणाले, मूळ टेपचं रीळ माझ्याकडे आहे, ह्या भागातही तोच आवाज वापरायचा आहे. फक्त डायरेक्टरला ह्या वेळी वाक्य पुरं करायचं आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात.

कुठलं वाक्य, मी विचारलं.

"वही. ये तो..."

आधी मला कळेना. त्यांनी समजावलं. पहिल्या भागात रेडिओ अर्धंच बोलतो. ये तो, म्हणजे हा तर. पुढचं बोलतच नाही आणि माणूस मरतो. लोकांना वाटतं, ये तो गया. आता पुढे 'गया' जोडायचं. तुम्हाला आणि राघोच्या बायकोला ऐकू आलं ते मराठी. इतकी वर्षं बाकी सगळ्या मुलखाने ते हिंदी म्हणून ऐकलं. मी म्हटलं, आधी ऐकवा.

आवाज कसा भरला गेला तेही त्यांनी सांगितलं. त्या वेळी शूटिंग संपल्यावर रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा होता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, ती सिनेमाला लागते. सगळ्यांना बाहेर काढलं आणि मशीन चालू ठेवून ईश्वरभाईही बाहेर गेले. हे रेडिओच्या मागे खाली बसून तार जोडत होते, ते कोणी पाहिलंच नाही. नंतर टेपवर ह्यांचं बोलणं सापडलं, तेच डायरेक्टरने रेडिओच्या तोंडी घातलं.

त्यांनी माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. सुरुवातीला नुसती खोली. लांबवर समुद्र. मग पेचकस डब्यात टाकल्याचा आवाज आला. डब्याचं झाकण एकदा दाबलं, मग पुन्हा दाबलं, कारण ते एका दाबात लागत नाही. तो डबा माझ्या माळ्यावर आहे, वन्सं, आणि ते झाकण अजून लागत नाही. मग खोकले. मग रेडिओच्या लाकडावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. आणि म्हणाले,

"चला, येतो."

सिनेमावाल्यांनी त्यातला 'चला' कापून टाकला.

ते रेडिओतून बोलत नव्हते, वन्सं. रेडिओला सांगत होते. बाबांचा रेडिओ रात्रभर परक्या घरात एकटा ठेवून निघायचं, म्हणून त्याला सांगून निघाले. घरातून निघताना देवांना सांगायचे, मला सांगायचे, मी न्हाणीत असले तर न्हाणीच्या दाराला सांगायचे. जातो म्हणायचं नाही, हे वळण तुमच्या आईंनीच लावलेलं ना.

तुम्हाला वाटलं तो कुणाकडे तरी येतोय. ते घरी निघाले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्ली असणार.

आणि कानात ते 'येतो' संपलं आणि माझ्या तोंडून गेलं, "या."

ठरवून नाही. इतकी वर्षं त्या शब्दामागून हा शब्द गेला, तसाच गेला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. ते गेले त्या सकाळी मी खाली टँकरच्या रांगेत होते. पाणी घेऊन वर आले तर बाहेरून कडी. म्हणजे दुकानात निघून गेले होते. दुपारी दुकानातून निरोप आला तो तुम्हाला माहीत आहे. निघताना येतो म्हणाले असतील, दाराला. पलीकडून कोणी या म्हटलं नाही. यात कोणाची चूक नाही, पाणी भरायलाच लागतं. पण रोज दाराला कडी लावताना ते मनात येतं.

ईश्वरभाईंनी विचारलं, मी काय बोलले. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, हमारे में जाता हूँ नहीं बोलते, आता हूँ बोलते. और घर का आदमी बोलता है, आओ.

त्यांनी मशीन बंद केलं. मग म्हणाले, "मतलब आदमी तो घर जा रहा था."

मी म्हटलं, हो.

त्यांनी डायरेक्टरला बोलावून सगळं सांगितलं. त्या बाबाला भलतंच सुचलं. हिंदीत 'या' म्हणजे किंवा. ये तो, या. हा तर, किंवा तो. म्हणजे भूत निवडतंय. तो खुर्चीतून उठलाच, म्हणाला 'गया' नको, हेच पाहिजे, बाई माइकसमोर बोलतील का.

तुम्हाला राग येईल, पण मी हो म्हटलं. अट घातली की ह्यांच्या शब्दाला मागे दुसऱ्या कोणाचा आवाज जोडायचा नाही. माझा तेवढा. आणि रिळावरचं सगळं, झाकणासकट, मला कॅसेटवर भरून द्यायचं. ईश्वरभाईंनी तिथेच भरून दिलं.

माइकसमोरचं 'या' पहिल्यासारखं आलं नाही. पण त्यांना चाललं.

रेडिओ अजून असेल तर त्याला भिऊ नका. नसेल तर तसं लिहूही नका. महिनाभर उत्तर आलं नाही की मी समजेन.

तुमची,
उर्मिला


॥ श्री ॥
खालची वाडी
१५ मार्च २००५

उर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं मोठं पत्र काल मिळालं. त्याआधीचं मिळालं होतं, पण उत्तर दिलं नाही. तू थांब म्हणत होतीस आणि मला थांबायचं नव्हतं.

अमावास्येला सकाळी धर्माजीने होडी लावली. मी रेडिओ नव्या पंच्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. बाबांनी असाच आणला होता. खाडीच्या तोंडापाशी पोचल्यावर धर्माजीने वल्हं थांबवलं. म्हणाला, "बाय, आता सोड, नि त्वांडानं म्हन, जा. म्हनल्याबिगर सुटत न्हाय."

मी तोंड उघडलं. शब्द येईना.

दत्तू शाळेला निघायचा तेव्हा आई शेतावर गेलेली असायची. दारात मी असायची. तो म्हणायचा येतो, मी म्हणायची ये. मुंबईला निघाला तेव्हा तेच. भांडून निघाला तेव्हाही तेच. जन्मात त्याला जा म्हटलं नाही. कशी म्हणू?

धर्माजीने वाट पाहिली. ऊन वाढत होतं. मी म्हटलं, परत ने. तो म्हणाला, देवीने कौल दिलाय त्याचं काय. मी म्हटलं, देवीचं मी बघून घेते. "देवीपरीस तूच कडक हायस," म्हणाला आणि होडी वळवली.

तेव्हा तुझं पत्र माझ्याकडे नव्हतं. हे मुद्दाम लिहिते. तो घरी निघाला होता हे मला माहीत नव्हतं. तो भूत असला तरी त्याला जा म्हणवलं नाही, एवढंच.

काल पत्र वाचल्यावर रेडिओवरचा पंचा काढला. डाव्या बाजूला लाकडाचं पॉलिश उडालं आहे, तळव्याएवढं. थाप मारून मारूनच ते तसं झालं असणार. मी तिथे हात ठेवून पाहिला.

सिनेमात बोललीस म्हणून राग आला नाही. थोडा आला, मग गेला.

सुगंधा


बेव्हर्ली पार्क
१९ नोव्हेंबर २००५

ती. वन्सं,
शि. सा. न.

मधली पत्रं साधीच झाली, पण आज मोठी बातमी. सिनेमा लागला. भाईंदरच्या थेटरात, फक्त सकाळच्या खेळाला. हंसाबेनना घेऊन गेले. त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं.

सिनेमा काही म्हणायच्या लायकीचा नाही. चोरबाजारातल्या रेडिओचा हिरवा दिवा मध्येच विझतो आणि पुढच्या क्षणी लागलेला असतो. पायरीवरची ती बाई दोनदा मरते. मागे पोरं शिट्ट्या मारत होती. मग सगळा अंधार झाला, रेडिओ उजळला आणि ह्यांचा आवाज आला. शिट्ट्या थांबल्या. आणि लांबून, जसं स्वयंपाकघरातून यावं तसं, माझं 'या' आलं.

थेटरात किंकाळी उठली. हंसाबेननी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. म्हणाल्या, "अरे बाप रे, कौन बाई है ये?" मी म्हटलं, माहीत नाही.

मी एकटीच न घाबरता बसले होते. आजूबाजूला सगळे ओरडताहेत आणि मध्ये आम्ही दोघं, रोज सकाळी बोलायचो तेवढंच बोलून घेतोय. सिनेमाभर पाच-सहा वेळा तसं झालं. बाहेर आल्यावर ऊन फार लागलं. हंसाबेन रिक्षात बडबडत होत्या आणि मला वाटत होतं, घरी जाऊन हे कोणाला सांगू. म्हणून तुम्हाला लिहिते.

कॅसेट मी रोज ऐकत नाही. रविवारी लावते. ते येतो म्हणतात, मी या म्हणते, मग पुढे नुसती खोली आणि समुद्र. तेही शेवटपर्यंत ऐकते.

तुमची,
उर्मिला


॥ श्री ॥
खालची वाडी
२८ नोव्हेंबर २००५

उर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

मला ती कॅसेट ऐकायची आहे. पोस्टाने पाठवू नकोस.

मी रेडिओ घेऊन निघते. तो वाजत नाही, आतला एक व्हॉल्व्ह गेला आहे आणि तो बदलणारा कुठे आहे ते तू जाणतेस. पण तुझ्याकडे तो वाजायला हवाच असं नाही. टेप त्याच्या शेजारी ठेवू. त्यालाच सांगितलं होतं ना दत्तूने, मग त्यालाही ऐकू दे.

रेडिओ तिथेच राहील. मी किती राहायचं ते तिथे आल्यावर बघू. इथे माझ्यासाठी थांबलेलं असं काही नाही, एक मांजर आहे ती धर्माजीकडे जेवते.

त्या वेळी मी पोचले तेव्हा तुम्ही सगळे स्मशानातून परत आला होतात. दत्तूचं तोंड मला दिसलं नाही. तेराव्याला तुझ्या घरातून निघाले ती काही न बोलता निघाले. तुझ्याशीही नाही. तू दारात उभी होतीस, मला आठवतं. बोलण्यासारखं काही सुचलं नव्हतं, आणि जे बोलायचं असतं ते त्या दिवशी बोलत नाहीत.

ते राहिलेलं आता लिहिते.

येते.

सुगंधा


पोस्टकार्ड
मीरा रोड, ५ डिसेंबर २००५

वन्सं,

हल्ली पाणी नळाला सकाळीच येतं, खाली जावं लागत नाही. मी घरातच असेन. स्वयंपाकघरातल्या फळीवरची पुस्तकं काढून जागा केली आहे.

या.

उर्मिला